३ लाख रुपये आणि १३ विभाग: पुस्तकखरेदीची वाटणी कशी करावी?

तालुक्याच्या गावातलं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय. कला, विज्ञान, वाणिज्य मिळून १३ विभाग आणि पुस्तकांसाठी यंदा ३ लाख रुपये. तिथं नव्यानं रुजू झालेल्या ग्रंथपालांनी विचारलंय की, प्राचार्य म्हणतात सगळ्यांना सारखे वाटून टाका, भौतिकशास्त्राचे सर म्हणतात आमची पुस्तकं महाग, वाणिज्यवाले म्हणतात मुलं आमच्याकडे जास्त, आणि मराठीच्या मॅडमचं म्हणणं, वाचली जातात ती पुस्तकं आमचीच. मग वाटणीचं एखादं ठरलेलं सूत्र आहे का? आणि ज्यांची रक्कम कमी होईल त्यांना सांगायचं काय?

चौघांचंही म्हणणं खरं आहे. पुस्तकाची किंमत, विद्यार्थ्यांची संख्या, पुस्तकांचा वापर हे तिन्ही निकष रास्त आहेत, आणि कुठलाही एकच धरला की दुसऱ्यावर अन्याय होतो. तिघांना एकत्र बसवणारं सूत्र करता येतं, ते पुढे आकड्यांसह देते. पण इतकी वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हेच काम केल्यावर माझं मत असं झालंय की, भांडण सूत्रावरून होतं आणि पैसा वाया जातो तो भलतीकडेच. विभागाला दिलेली रक्कम फेब्रुवारीपर्यंत पडून राहते आणि मग मार्चमध्ये मिळेल ते घेऊन संपवली जाते, ही एक जागा. कुठल्याच विभागाच्या यादीत न बसणाऱ्या वाचकासाठी काही शिल्लकच राहत नाही, ही दुसरी. त्यामुळे वाटणीच्या आधी किती बाजूला काढायचं आणि वाटलेली रक्कम कधी परत घ्यायची, हे दोन निर्णय आधी करून घ्या. सूत्र त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या महाविद्यालयावर अवलंबून आहेत. अभियांत्रिकी, फार्मसी, विधी, बी.एड. अशा ठिकाणी शिखर संस्थांचे ग्रंथालयाचे निकष असतात, आधी ते पुरे करावे लागतात. पदव्युत्तर वर्ग किंवा संशोधन केंद्र असेल तर गणित बदलतं, त्याकडे पुढे येतेच. बीबीए-सीए, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स असे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम असतील, तर त्या मुलांच्या ग्रंथालय शुल्काचा हिशोब पूर्ण वेगळा ठेवा. ती मुलं जास्त फी भरतात. त्यांच्या पैशातून दुसऱ्यांची कपाटं भरली, तर पालक विचारतील आणि त्यांनी विचारायलाच हवं.

हे ३ लाख नेमके कुठून आले तेही लेखा विभागाकडून समजून घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, बाराव्या पंचवार्षिक योजनेचा काळ ३१ मार्च २०१७ ला संपला. योजनांच्या काळात पुस्तकांसाठी अनुदान यायचं, ते विभागांना वाटायचं, खर्च करायचं आणि पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट पाठवायचं, अशी पद्धत होती. आता बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत पुस्तकांचा पैसा म्हणजे विद्यार्थ्यांनी भरलेलं ग्रंथालय शुल्क आणि संस्थेनं घातलेली भर. पैसा विद्यार्थ्यांचा आहे म्हटल्यावर ‘माझ्या विभागाचा वाटा’ या शब्दांना फारसा आधार उरत नाही. ग्रंथालय समितीच्या पहिल्याच बैठकीत हे शांतपणे मांडा, पुढची बरीच चर्चा सोपी होते.

नियतकालिकांची वर्गणी आणि ई-साधनं या रकमेत मिसळू नका, त्यांचं वेगळं शीर्ष मागून घ्या. महाविद्यालयांना ई-साधनं पुरवणाऱ्या एन-लिस्ट या योजनेची वार्षिक वर्गणी काही हजारांत भागते आणि तेवढ्यात ई-पुस्तकांचा मोठा साठा हाती येतो, ती कधीही खंडित होऊ देऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांची योजना सुरू झालीय. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी. तुमचं महाविद्यालय त्यात बसतं का, हे ती योजना राबवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडून तपासून घ्या. बसत असेल तर विज्ञान विभागांची नियतकालिकांची गरज बरीचशी तिथंच भागते आणि वाचलेले पैसे पुस्तकांकडे वळवता येतात.

आता वाटणी. ३ लाखांपैकी २५ टक्के, म्हणजे ७५,००० रुपये, सामायिक निधी म्हणून बाजूला काढा. आणखी १० टक्के, ३०,००० रुपये, राखीव ठेवा. उरलेले १,९५,००० रुपये विभागांचे.

सामायिक निधीचं प्रमाण ऐकून विभागप्रमुख चमकतील, म्हणून त्याचं कारण जरा सविस्तर सांगते. तालुक्याच्या गावात ग्रंथालय उघडायच्या आधी दाराशी येऊन थांबणारी मुलं पाहा. त्यातली कितीतरी एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी असतात. त्यांना लागणारी पुस्तकं दरवर्षी नव्या आवृत्तीत येतात, सगळी मिळून विकत घेण्याची ऐपत बहुतेकांची नसते, घरी अभ्यासाला जागा नसते. ही पुस्तकं कुठल्याच विभागाच्या शिफारस यादीत येत नाहीत, कारण स्पर्धा परीक्षा हा कुठल्या विभागाचा पेपर नाही. सगळे ३ लाख विभागांत वाटलेत, तर ज्याला ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या नावावर शून्य रुपये राहतात. मला वाटणीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो. विभागा-विभागांतली पाच-दहा हजारांची खेचाखेच त्यापुढे काहीच नाही.

शब्दकोश, विश्वकोश, इतर संदर्भग्रंथ, फाटलेल्या आणि हरवलेल्या प्रतींची भरपाई, अवांतर वाचनाच्या कथा-कादंबऱ्या हेही याच निधीतून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानं यात एक भर घातली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आणि भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यवर्धित अभ्यासक्रम, कौशल्य अभ्यासक्रम असे पेपर सुरू झाले. शिकवायला कधी इतिहासाचे सर असतात, कधी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. पुस्तक कुणाच्या रकमेतून घ्यायचं यावर एकमत होत नाही आणि मुलं नोट्सवर भागवतात. हे सगळे पेपर सरळ सामायिक निधीत टाका.

विभागांच्या १,९५,००० रुपयांतून आधी प्रत्येकाला किमान ५,००० द्या. १३ विभागांचे ६५,००० झाले. यामुळे २०-२५ मुलांचा विभागही दरवर्षी दहा-पंधरा नवी पुस्तकं घेऊ शकतो. प्राचार्यांची ‘सगळ्यांना सारखं’ ही इच्छा इथं रास्तपणे पूर्ण होते. राहिले १,३०,००० रुपये. ते तीन निकषांवर वाटायचे: विद्यार्थ्यांचा भार ४० टक्के, पुस्तकांची सरासरी किंमत ३० टक्के आणि वापर ३० टक्के.

विद्यार्थ्यांचा भार हजेरीपटावरून काढू नका. नव्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे वाणिज्यच्या वर्गातली मुलं मराठीचा किंवा भूगोलाचा पेपर घेऊन बसलेली असतात. म्हणून प्रत्येक विभाग किती मुलांना किती क्रेडिट (पेपरचा भार मोजायचं एकक) शिकवतो, त्याचा गुणाकार धरा. परीक्षा विभागाकडे हे आकडे तयार असतात. पदव्युत्तर विद्यार्थी दुप्पट आणि पीएच.डी.चा तिप्पट मोजला तर सहसा कोणी हरकत घेत नाही.

किमतीसाठी दाखल नोंदवही उघडा, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं क्रमांकानं नोंदलं जातं ती वही. गेल्या ३ वर्षांत त्या विभागासाठी घेतलेल्या पुस्तकांची सरासरी किंमत काढा आणि सगळ्या विभागांच्या सरासरींच्या बेरजेत तिचा वाटा किती टक्के येतो ते पाहा. वापरासाठी देवघेवीचा अहवाल घ्या. ग्रंथालयाची संगणकप्रणाली कोहा असो, सोल असो की ई-ग्रंथालय, तो काढता येतो. तोही ३ वर्षांच्या सरासरीनं.

उदाहरणादाखल आकडे धरू. वाणिज्यचा विद्यार्थीभार ३० टक्के, किमतीतला वाटा ७ टक्के, वापरातला २५ टक्के. ३० चे ४० टक्के म्हणजे १२, ७ चे ३० टक्के म्हणजे २.१ आणि २५ चे ३० टक्के म्हणजे ७.५. बेरीज २१.६ टक्के. १,३०,००० चे २१.६ टक्के म्हणजे २८,०८०, त्यात किमान ५,००० मिळवले की वाणिज्यला ३३,०८० रुपये. भौतिकशास्त्राचे आकडे ६, १२ आणि ४ असले तर ७.२ टक्के, म्हणजे ९,३६० अधिक ५,०००, एकूण १४,३६०. मराठीचे ९, ५ आणि १४ असले तर ९.३ टक्के, म्हणजे १२,०९० अधिक ५,०००, एकूण १७,०९०. सगळी रक्कम सारखी वाटली असती तर प्रत्येकाला २३,००० च्या आसपास मिळाले असते. भौतिकशास्त्राच्या सरांची नाराजी इथून सुरू होणार हे धरूनच चला.

४०-३०-३० हे प्रमाण काही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी ते वापरते कारण किमतीला जास्त वजन दिलं की महाग पुस्तकं घेण्याला बक्षीस मिळतं, आणि वापराला जास्त दिलं की आकडे फुगवण्याची घाई सुरू होते. तुमची समिती ५०-२५-२५ ठरवेल तर तेही चालेल. फक्त एकदा ठरवलं की ३ वर्षं हलवू नका. दरवर्षी बदलणाऱ्या प्रमाणावर कोणाचा विश्वास बसत नाही.

वापराच्या आकड्यांबद्दल मात्र सावध राहा, कारण हा निकष दिसतो तितका सरळ नाही. देवघेव मोजायची ती पुस्तकाच्या वर्गांकावरून (विषयानुसार दिलेल्या क्रमांकावरून) की वाचकाच्या विभागावरून? ८९१.४६ या वर्गांकाखालची मराठी कादंबरी नेणारी मुलगी पुष्कळदा रसायनशास्त्राची असते. पुस्तकावरून मोजलं तर सगळ्या महाविद्यालयाचं अवांतर वाचन मराठी विभागाच्या खात्यात जमा होतं, वाचकावरून मोजलं तर कादंबऱ्यांचं श्रेय रसायनशास्त्राला जातं. मी पुस्तकावरून मोजते, पण ललित वाचन वेगळं काढते आणि त्याची खरेदी सामायिक निधीतून करते. मराठी विभागाच्या खात्यात मग भाषाविज्ञान, समीक्षा, नेमलेल्या साहित्यकृती एवढंच राहतं. वरच्या उदाहरणातले मराठीचे १४ टक्के असे ललित वजा करून धरलेले आहेत.

दुसरी गोष्ट, विज्ञानाची बरीच पुस्तकं घरी नेली जात नाहीत. वाचनकक्षातच उघडली जातात, दोन पानं उतरवून घेतली जातात आणि टेबलावर ठेवली जातात. ती नोंद संगणकात येत नाही. वर्षातून दोनदा एकेक आठवडा, परीक्षेच्या आधी आणि सत्राच्या मध्यावर, टेबलावर उरलेली पुस्तकं जागेवर लावण्यापूर्वी शिपायांकडून त्यांचे दाखल क्रमांक लिहून घ्या. एवढ्यानंही चित्र पुष्कळ बदलतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. ज्या विभागाकडे नवी पुस्तकं नाहीत त्याचा वापर कमी, वापर कमी म्हणून रक्कम कमी, रक्कम कमी म्हणून पुन्हा जुनीच पुस्तकं. या फेऱ्यात अडकलेला विभाग सूत्राच्या जोरावर बाहेर येत नाही. म्हणून दोन बंधनं ठेवा: कोणाचीही रक्कम एका वर्षात १५ टक्क्यांहून जास्त कमी करायची नाही, आणि अभ्यासक्रम बदललेल्या विभागाला त्या वर्षी राखीव ३०,००० मधून आधी द्यायचं. हे १५ टक्क्यांचं बंधन पाळलं तर भौतिकशास्त्राला यंदा १४,३६० वर एकदम आणता येणार नाही. गेल्या वर्षी त्यांना २३,००० मिळाले असतील, तर यंदा १९,५५० खाली जाऊ नका. फरक राखीव रकमेतून आणि ज्यांची रक्कम वाढते आहे त्यांच्या वाढीतून भरून काढा. दोन-तीन वर्षांत आकडे आपोआप जागेवर येतात.

वाटणी झाली की मुदतीकडे लक्ष द्या. जूनमध्ये समितीची बैठक, जुलैच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांना रक्कम कळवणारं पत्र आणि कोरं शिफारस पत्रक, ३१ ऑगस्टपर्यंत यादी. पत्रकात शीर्षक, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन, किंमत यांच्या जोडीला ‘कोणत्या सत्राच्या कोणत्या पेपरसाठी’ आणि ‘किती प्रती, का’ हे दोन रकाने ठेवाच. हे दोन रकाने भरताना विभागच आपली निम्मी यादी गाळतो. दिवाळीच्या सुट्टीआधी ज्या विभागाची यादी आलेली नसेल, त्याची न वापरलेली रक्कम सामायिक निधीत जमा. हा नियम जुलैच्या पत्रातच लिहा आणि सगळ्यांना एकसारखा लावा, स्वतः प्राचार्यांच्या विभागालासुद्धा. जानेवारीअखेर सगळ्या ऑर्डरी गेलेल्या, फेब्रुवारीत बिलं आलेली, मार्च फक्त दाखल नोंदी आणि बिलं मंजूर करण्यासाठी. एवढं जमलं तर तुमचं ग्रंथालय बदललेलं तुम्हाला पहिल्याच वर्षी दिसेल.

मार्चमधल्या खरेदीवर मी इतका भर देते याचं कारण, तेव्हा निवड आपली राहत नाही. विक्रेत्याच्या गाडीत जे उरलेलं असतं ते आपल्या कपाटात येतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढच्या ६ वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत. तिथं तर निवड करायला वेळही होता आणि तज्ज्ञही. आपण आठ दिवसांत ७० हजारांची पुस्तकं घेतो तेव्हा काय होत असेल, ते तुमच्याच दाखल नोंदवहीतली मागच्या एखाद्या मार्चची पानं आणि त्या पुस्तकांची देवघेव समोरासमोर ठेवून पाहा. समितीपुढे हाच कागद ठेवा. त्याहून प्रभावी दुसरं काही नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. सवलतीचा आकडा मोठा दिसला की छापील किंमत आणि आवृत्तीचं वर्ष बघा. ४० टक्के सवलत देणारं पुस्तक आठ वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाचं असू शकतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ई-पुस्तकांवर आहे, त्यामुळे दोन्हींची दरपत्रकं एकाच रांगेत तोलू नका. डॉलर-पौंडांतल्या किमतीची पुस्तकं असतील तर रूपांतराचा दर कोणता धरायचा, पुस्तकव्यवसायाच्या गुड ऑफिसेस कमिटीनं ठरवलेला की बँकेचा, आणि कोणत्या तारखेचा, हे ऑर्डरमध्येच लिहा. पुस्तक प्रदर्शन भरवायला हरकत नाही, अध्यापकांना पुस्तक हातात घेऊन पाहता येतं, पण ते सप्टेंबरमध्ये भरवा. आणि प्रतींची मर्यादा ठेवा. मी क्रमिक पुस्तकाच्या पाचांहून जास्त प्रती विभागाच्या रकमेतून घेत नाही. जास्त हव्या असतील तर बुक बँकेतून, म्हणजे मुलांना क्रमिक पुस्तकं दीर्घ मुदतीनं देण्याच्या योजनेतून.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण वाटणीशी तो थेट जोडलेला आहे. ‘आमच्या रकमेतून घेतलं’ म्हणून पुस्तकं विभागाच्या कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. सगळी पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयात दाखल होतील आणि विभागाला एका वर्षाच्या बोलीवरच दिली जातील, असा ठराव करून घ्या. कुलपामागे बहुतेक वेळा पुस्तक हरवलं तर भरपाई करावी लागेल ही भीती असते. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत, दर १,००० पुस्तकांच्या देवघेवीमागे वर्षाला ५ पुस्तकं गहाळ होणं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वाजवी मानलेलं आहे. आपल्या महाविद्यालयाला तो नियम थेट लागू नसला, तरी समितीनं तसाच ठराव केला तर कुलपं उघडतात असा माझा अनुभव आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, रक्कम कमी होणाऱ्यांना काय सांगायचं. प्राचार्यांना आधी भेटा, एकटे, तक्ता घेऊन. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात आजवर पुस्तकांवरचा ५ वर्षांचा सरासरी खर्च आणि ग्रंथालयाचा रोजचा वापर असं दोन्ही विचारलं गेलं आहे. नुसता खर्च दाखवून भागत नाही, हे त्यांना लगेच पटेल. मग तेराही विभागांचा तक्ता, तिन्ही निकषांच्या टक्क्यांसह, बैठकीच्या आठ दिवस आधी सगळ्यांना पाठवा. कोणाला दुसऱ्याची रक्कम शोधत बसावी लागू नये. बैठकीचं इतिवृत्त त्याच आठवड्यात सह्यांसकट फाइलला लावा, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचं ऑडिट आलं की तेच उपयोगी पडतं.

आणि भौतिकशास्त्राच्या सरांकडे बैठकीपूर्वी स्वतः जा. सोबत त्यांच्या विभागाच्या १० वर्षांहून जुन्या आणि ३ वर्षांत न हललेल्या पुस्तकांची यादी न्या, शिवाय एन-लिस्टवर त्यांच्या विषयाची कोणती ई-पुस्तकं मिळतात त्याची दुसरी यादी. त्यांना विचारा की, या दोन्ही बघितल्यावर यंदा खरोखर कोणती पुस्तकं छापील हवीत? अगदी गरजेची पुस्तकं त्यांच्या रकमेत बसत नसतील, तर तुमच्या हातात राखीव ३०,००० आहेत. ती मागणी ऑगस्टमध्येच लेखी घ्या आणि पहिली ऑर्डर त्यांचीच पाठवा.